कोकिळाआक्कांची गच्ची

कोकिळाआक्कांपुढे ‘आम्ही’ हा शब्द चालत नसे.

सुरतेच्या बमरोलीत त्यांच्या इमारतीच्या गच्चीवर मी पहिल्यांदा गेलो तो काजळीच्या बातमीसाठी. इमारतीच्या मागे कापड रंगवण्याच्या एका कारखान्याचा बॉयलर होता. त्यात कोळशाबरोबर चिंधीही जळत असे आणि तिची काळी, पापुद्र्यासारखी राख आसपासच्या गच्च्यांवर उतरत असे. वर दहाबारा बाया जमल्या होत्या. सगळ्या खानदेशातल्या, बहुतेकींचे नवरे लूमवर, म्हणजे यंत्रमागावर. मी पेन काढताच सगळ्या एकदम बोलू लागल्या. आमच्यावर अन्याय होतो, आमचं कोणी ऐकत नाही, आम्ही बाहेरून आलेली माणसं.

पाण्याच्या टाकीला टेकून एक बाई बसली होती. साठीच्या आसपासची, हातात साडीचे धागे कापायची छोटी कात्री. गलका थोडा ओसरला तेव्हा तिने सगळ्यांत पुढे असलेल्या सुनंदाला विचारलं, “‘आम्ही’ कोठे ऱ्हास वं? त्यानं दार दखाड.”

हा ‘आम्ही’ राहतो कुठे, त्याचं दार दाखव. बाकीच्या हसल्या.

“तुनं सांग,” ती बाई म्हणाली. “तुना घरमा काय व्हयनं ते.”

मग सुनंदाने सांगितलं. मुलीचा शाळेचा पांढरा सदरा गच्चीवर वाळत घातला होता. त्यावर काजळी पडली. घाईत तिने ती हाताने झटकली आणि डाग आणखी पसरला. शाळेत मुलीला प्रार्थनेच्या रांगेतून बाजूला उभं केलं. त्या दिवसापासून सदरा घरात, पंख्याखाली वाळतो, नीट वाळत नाही, आणि मुलगी पाठीला ओल लागत असताना शाळेत जाते.

गच्चीवर चढताना माझ्याकडे एक विषय होता. उतरताना बातमी होती.

ती बाई म्हणजे कोकिळाआक्का. पारोळ्याकडच्या. लग्नानंतर नवऱ्याच्या मागोमाग सुरतेत आल्या आणि लूमच्या खात्यात, म्हणजे कारखान्यात, धाग्याच्या बॉबिन भरू लागल्या. नाव कोकिळा असलं तरी आवाज फुटक्या भोंग्यासारखा होता, आणि यावरून त्यांना कोणी चिडवलं तर त्या म्हणत, बापाने नाव ठेवलं तेव्हा लूम ऐकला नव्हता. खात्यात वर्षानुवर्षं ओरडून बोलल्यामुळे घसा गेला होता. त्या गोंगाटात माणसं एकमेकांच्या ओठांकडे बघून बोलणं समजून घेतात. तीच सवय त्यांना कायमची लागली होती. समोरचा बोलत असताना त्या त्याच्या डोळ्यांकडे पाहत नसत, तोंडाकडे पाहत. नव्या माणसाला ते अवघड वाटे.

लांबलचक बोलणं त्यांना सहन होत नसे, याचंही मूळ लूममध्येच होतं. खात्यात लांब वाक्य पोहोचतच नाही, असं त्या सांगत. धागा तुटला, पाणी आलं, तुझा पोरगा पडला, एवढंच पोहोचतं. माणसाने बोलताना तेवढंच बोलावं. नवऱ्याची श्रवणशक्ती लूमने बरीचशी नेली होती. त्याच्याशी त्या कधीही पाठमोऱ्या बोलत नसत. स्वयंपाक करत असल्या तरी गॅस बारीक करून, पूर्ण वळून, त्याच्यासमोर तोंड आणून विचारत, चहा ठेवू का.

माझी बातमी छापून आली तेव्हा त्यांनी ती नातीकडून वाचून घेतली. पुढच्या भेटीत पहिलाच प्रश्न आला.

“भाऊ, वर लिहिलंय, ‘आमच्या प्रतिनिधीकडून’. हा आमचा कोण?”

मी म्हटलं, वर्तमानपत्रात तशी पद्धत आहे.

“मग तुमच्या पेपरलाबी दार नाही,” त्या म्हणाल्या आणि कात्री चालवू लागल्या.

दुपारी दोन घास खाऊन झाले की त्यांच्या गच्चीच्या जिन्यात सावली येई. तिथे बाया साड्यांचे गठ्ठे घेऊन बसत. भरतकामाच्या साडीच्या मागच्या बाजूला सुटे धागे लोंबत असतात. ते कापून साडी साफ करायची, हे या भागातल्या बायांचं घरबसल्याचं काम. हात चालू असताना एकीने बोलायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं, असा आक्कांचा शिरस्ता होता. विषयाला बंधन नव्हतं. अट एकच. जे सांगायचं ते स्वतःवर गुदरलेलं असावं. ऐकीव गोष्ट निघाली की आक्का कात्री हवेतच दोनदा वाजवत, आणि सांगणारी ओळखत असे की धागा कापला गेला.

या बैठकीतून काय निघू शकतं, हे पहिल्यांदा दिसलं ते गटारीच्या प्रकरणात. इमारतीसमोरची गटार पावसाळ्यात तुंबत असे. सगळा दोष महापालिकेचा, याबद्दल गल्लीत एकमत होतं. एका दुपारी मंगल नावाच्या बाईने सांगितलं की साचलेल्या पाण्यातून भाजीची पिशवी घेऊन येताना तिच्या पायात काहीतरी गुंतलं आणि ती तोंडावर पडली. लोक धावले. आक्कांनी विचारलं, काय गुंतलं. मंगल म्हणाली, केसांसारखं काहीतरी होतं. आक्का थांबल्या नाहीत. केस का? नाही. मग? मंगलने आठवून आठवून सांगितलं, निळं होतं. जरा चमकत होतं.

सगळ्यांच्या मांडीवर त्या दिवशी निळ्या साड्या होत्या.

कात्र्या थांबल्या. मग सुनंदा म्हणाली, “माय वं, आपलेच धागे.”

दुसऱ्या दिवसापासून कापलेले धागे जिन्यातून झाडून गटारीत ढकलणं बंद झालं. कोपऱ्यात एक गोणी आली. ती भरली की गादीवाला घेऊन जाई आणि उशांमध्ये भरत असे. त्या पावसाळ्यात गटार वाहती राहिली. महापालिकेचा मुकादम येऊन बघून गेला आणि जाताना म्हणाला की या गल्लीत काही कामच उरलं नाही. त्याला बोलावून आक्कांनी सांगितलं, काम आहे, मागच्या धुराड्याकडे बघ. तो म्हणाला, ते माझ्या खात्यात येत नाही.

धुराडं कोणाच्याच खात्यात येत नव्हतं. तक्रारी झाल्या होत्या, पाहणीही झाली होती. पाहणीच्या दिवशी धूर पांढरा असे.

आक्कांना धुराचा राग होता, पण त्या रागाला एक नेमकी जागा होती. ती म्हणजे बिबडे. खानदेशात उन्हाळा लागला की ज्वारी कांडून, भिजवून, वाटून, लसूण-मिरची-तीळ घालून मोठ्या पातेल्यात शिजवतात आणि ओल्या फडक्यावर थापून उन्हात वाळत घालतात. पापडाहून जाड, हाताच्या तळव्याहून मोठे. वर्षभर भाजून किंवा तळून खायचे. आक्का सुरतेत आल्या तेव्हा त्यांच्याकडे शेत नव्हतं, अंगण नव्हतं, बैल नव्हते. गच्ची होती. पहिल्या उन्हाळ्यात त्यांनी शेजारणींना गोळा करून गच्चीवर बिबडे घातले. पुढे दर उन्हाळ्यात घालत राहिल्या. मुलं ओला बिबडा तेलाशी खायला जिन्यात ताटकळत बसत. गाव सोडून आल्यावर गावातलं जे एक काम इथे पुरतंच्या पुरतं करता येत होतं, ते हे.

बॉयलर सुरू झाल्यावर ते थांबलं. ओल्या बिबड्यावर काजळी पडली की ती झटकता येत नाही, आत बसते. मग बायांनी बिबडे गावाहून मागवायला सुरुवात केली. उन्हाळा संपताना खानदेशातून येणाऱ्या प्रत्येक गाडीच्या टपावर सुरतेसाठी डबे असत. कुणाच्या आईने वाळवलेले, कुणाच्या जावेने. आक्कांना त्यांची बहीण पारोळ्याहून पाठवी. त्या घेत, खात, आणि बहिणीशी फोनवर बोलताना त्याबद्दल चकार शब्द काढत नसत. घेण्याची त्यांना सवय नव्हती.

अशात कळलं की कारखान्याला दुसरा बॉयलर बसवायचा आहे. परवानगीआधी लोकसुनावणी होणार होती. एका संस्थेत काम करणाऱ्या हेतलबेन नावाच्या तरुण मुलीने गच्चीवर येऊन सुनावणी म्हणजे काय ते समजावलं. तिथे कोणालाही बोलता येतं, जे बोललं जातं ते नोंदवावं लागतं, आणि बोलण्यासोबत पुरावा असेल तर वजन वाढतं. आक्कांनी तिचं सगळं मन लावून ऐकलं, तोंडाकडे बघत. मग विचारलं, दुसरं धुराडं झालं तर?

हेतलबेन म्हणाली, मग हे असंच राहील. कदाचित कायमचं.

आक्कांनी गच्चीकडे एकदा पाहिलं. दुसऱ्याच दिवशी ज्वारी भिजत पडली. पुरावा ठरला होता. गच्चीवर बिबडे घालायचे, काजळी पडू द्यायची, आणि प्रत्येकीने आपापल्या डब्यात ते काळे बिबडे सुनावणीला आणायचे. धान्य वाया जाणार हे माहीत असूनही बायांनी रीतसर सगळं केलं, तिळातही कसूर केली नाही. बिबडे वाळले. कारखान्याने आपल्या वाट्याचं काम चोख केलं. खसखस पेरावी तसे काळे ठिपके सगळीकडे बसले.

सुनावणीचा मांडव कारखान्याच्या कुंपणाजवळच्या मोकळ्या जागेत होता. पुढे पांढऱ्या कापडाचं टेबल, मागे कूलर. अध्यक्षस्थानी पन्नाशीच्या एक अधिकारी बाई होत्या, गुजराती. शेजारी प्रदूषण खात्याचे साहेब. कारखान्याच्या बाजूने एक मॅनेजर आला होता, हसतमुख, सगळ्यांना पाणी मिळालं का याची चौकशी करणारा. त्याने आकडे वाचले, चित्रं दाखवली, झाडं लावण्याचं आश्वासन दिलं. मग बायांची पाळी आली.

पहिली मंगल उठली. तिने मुलीच्या खोकल्याचं सांगितलं, खिडकी बंद करून झोपण्याचं सांगितलं, एकदाही ‘आम्ही’ म्हणाली नाही. शेवटी म्हणाली, साहेब, पुरावा आणलाय, आणि डबा उघडून टेबलावर ठेवला.

डब्यात स्वच्छ पांढरे बिबडे होते.

हेतलबेनने सुनंदाकडे पाहिलं. सुनंदाने आपला डबा उघडला. तेही पांढरे. एकेक डबा उघडत गेला. एकाही डब्यात काळा ठिपका नव्हता.

घडलं होतं ते असं, हे मला नंतर कळलं. सकाळी डबा भरायच्या वेळी प्रत्येकीचा हात अडला होता. सुनंदाने मला ते एका वाक्यात सांगितलं. “साहेब म्हंजे पाव्हना. पाव्हनासमोर कायं पडेल अन्न कसं मांडानं?” घाण पडलेलं अन्न परक्या माणसासमोर ठेवणं तिला जमेना. तिने विचार केला, बाकीच्या आणतीलच काळे, आपण एकटीने चांगले नेले तर काय बिघडतं. आणि गावाहून आलेल्या डब्यातले निवडून, न मोडलेले, भरले. प्रत्येकीने नेमका हाच विचार केला होता. काळ्या बिबड्यांची चळत गच्चीवरच राहिली होती.

मांडवात हशा पिकला. मॅनेजर उठून टेबलापाशी आला. त्याने एक बिबडा उचलला, उलटसुलट केला, उजेडात धरला आणि मोडून तोंडात टाकला.

“काकी, फर्स्ट क्लास,” तो म्हणाला. “इसमें काजळी कहाँ है?”

प्रदूषण खात्याच्या साहेबांनीही हसू दाबलं. हेतलबेन खाली मान घालून बसली. बायांपैकी दोघीतिघी डबे झाकू लागल्या.

कोकिळाआक्का तोवर मागच्या रांगेत होत्या. त्या उठल्या, पुढे आल्या. आपला डबा त्यांनी उघडलाच नाही, नुसता टेबलावर ठेवला. मॅनेजर चावत होता तिकडे, त्याच्या तोंडाकडे, त्या जरा वेळ बघत राहिल्या. मग अधिकारी बाईंकडे वळल्या आणि त्यांच्या त्या घोगऱ्या आवाजात, अर्ध्या मराठीत अर्ध्या हिंदीत म्हणाल्या, “बेन, एक काम करा. एकेकीला विचारा, बिबडा कुठे वाळला.”

अधिकारी बाईंना आधी कळलं नाही. मग त्यांनी मंगलला गुजरातीत विचारलं, “आ क्यां सुकव्यां?”

“अमळनेरला,” मंगल म्हणाली. “माझ्या आईच्या अंगणात.”

“तमे?”

“शिरपूर. मोठ्या जावेकडे.”

“धरणगाव. मावशीने घातले.”

“चोपडा.”

“नंदुरबार. दिराच्या घरी. दिराशी बोलणं नाही, तरी मागवले.”

मांडवातला आवाज एकेका गावाबरोबर कमी होत गेला. सुनंदाने साक्रीचं नाव घेतलं आणि रडू लागली, कारण साक्रीला तिची सासू हे काम करत असे आणि या उन्हाळ्यात ती नव्हती, या डब्यात गेल्या वर्षीचे होते. मॅनेजरच्या हातात उरलेला तुकडा तसाच होता. तो खावा की ठेवावा, हे त्याला ठरवता येत नव्हतं.

शेवटी आक्कांची पाळी आली. “पारोळा,” त्या म्हणाल्या. “बहिणीकडे.” आणि पहिल्यांदाच, एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच, त्यांनी ते सगळ्यांसमोर सांगितलं. “मला गच्ची आहे, बेन. मला हात आहेत. आणि मी बहिणीचं खाते.”

अधिकारी बाईंनी पेन खाली ठेवलं. त्यांनी विचारलं, इथे वाळवलेला एकही नाही का?

“वाळवले,” आक्का म्हणाल्या. “गच्चीवर आहेत. त्यातले दोन सकाळी गायीला घातले. गायीने वास घेतला आणि पुढे गेली.”

अधिकारी बाईंनी लिहून घेणाऱ्या कारकुनाला सांगितलं की प्रत्येक गावाचं नाव लिहा. मॅनेजरने हरकत घेतली की खाद्यपदार्थांचा मुद्दा विषयपत्रिकेत नाही. त्याला त्यांनी बसायला सांगितलं. सुनावणी संपल्यावर त्या गाडीत बसल्या नाहीत. चपला हातात घेऊन आक्कांच्या गच्चीवर गेल्या. चपला काढून का गेल्या, हे मी विचारलं नाही. वर अन्न ठेवलेलं होतं, एवढंच कारण असावं. उतरल्या तेव्हा त्यांची पावलं काळी होती.

दुसऱ्या बॉयलरला परवानगी मिळाली नाही. निकालात कारणं अनेक होती. वस्तीपासूनचं अंतर, पाण्याचा हिशेब, आधीच्या अटींचं पालन. निकाल कधीच एका कारणाने होत नाही आणि मी तसं लिहिलंही नाही. पण निकालाच्या एका परिच्छेदात अमळनेरपासून पारोळ्यापर्यंतची नावं ओळीने होती, आणि त्यांच्यापुढे लिहिलं होतं की स्थानिक रहिवाशांना वाळवलेलं अन्न एवढ्या दुरून मागवावं लागतं. सरकारी कागदात मी वाचलेलं ते सर्वांत चांगलं वाक्य. जुन्या बॉयलरमध्ये चिंधी जाळायला मनाई झाली. कारखान्याने खळखळ केली, मुदत मागितली, आणि अखेर गॅसची जोडणी घेतली.

निकालाचा पेढा घेऊन मी गेलो तेव्हा आक्का साडीचे धागे कापत होत्या. मी म्हटलं, जिंकलात. त्यांनी तोंडाकडे पाहिलं. “कोण जिंकलं?” त्या म्हणाल्या. “नाव घ्या.” मी मंगलचं घेतलं, सुनंदाचं घेतलं, हेतलबेनचं घेतलं. त्या ऐकत राहिल्या. पेढा अर्धा मोडून त्यांनी नवऱ्यासमोर जाऊन, पूर्ण वळून, त्याला दिला आणि ओठ स्पष्ट हलवत सांगितलं की धुराडं हरलं.

त्यानंतर त्यांच्याकडे माणसं येऊ लागली. शहराच्या दुसऱ्या टोकाच्या कोसाडहून बाया आल्या, त्यांच्याकडे कचरा पेटवण्याचा प्रश्न होता. कतारगामहून कारीगर आले. सगळे विचारत, तुम्ही केलं कसं. आक्का त्यांना जिन्यात बसवत, हातात एकेक साडी देत आणि म्हणत, धागे काप आणि सांग, तुझ्या घरात काय झालं. काही जण एवढं ऐकून नाराज होऊन जात. त्यांना युक्ती हवी असे. जे थांबत, ते संध्याकाळी उतरताना वेगळं बोलू लागलेले असत. कोसाडच्या बायांनी पुढे आपल्या प्रश्नाचं काय केलं ही निराळी हकीकत आहे. पण त्यांच्या पहिल्या अर्जात ‘आम्ही’ नव्हतं, हे मी पाहिलं. ओळीने सात बायांची नावं आणि प्रत्येकीपुढे एक घडलेली गोष्ट होती.

पुढच्या उन्हाळ्यात माझी बदली झाली. निघण्याआधी मी बमरोलीला गेलो तर घर बंद. शेजारच्या मुलीने सांगितलं, आक्का गावी निघाल्या, उधन्याला गाडी धरतील.

मी उधन्याला पोहोचलो तेव्हा खानदेशाकडे जाणाऱ्या ट्रॅव्हल्सची गाडी रस्त्याच्या कडेला उभी होती. ऊन उतरत होतं. टपावर सामान चढत होतं, साड्यांचे गठ्ठे, पंखे, एक मुलांची सायकल. उन्हाळ्यात सुरतेहून गावाकडे हेच जातं, आणि परतीच्या गाडीत गावाकडून धान्य, डाळी, पापड, बिबडे येतात. इतक्या वर्षांत मी ते डबे एकाच दिशेने येताना पाहिले होते.

आक्का टपावरच्या क्लीनरला दोन्ही हातांनी एक पत्र्याचा डबा देत होत्या. हळू, हळू, असं बजावत होत्या. क्लीनर त्यांच्याच भागातला असावा. त्याने डबा हलवून पाहिला आणि विचारलं, आजी, साड्या इतक्या हलक्या कशा?

“बिबडा शेतस.”

तो हसू लागला. सुरतहून खानदेशात बिबडे कोण नेतं, असं त्याने खाली ड्रायव्हरला ओरडून सांगितलं. दोघं हसले. आक्कांनी त्याचं हसून होऊ दिलं.

“सुरतना शेतस, भो,” त्या म्हणाल्या. “मनी गच्चीवर वायाडेल. मनी बहीनले लई जाऊ ऱ्हायनू.”

गच्चीवर वाळवून बहिणीसाठी भरलेला तो डबा क्लीनरने गठ्ठ्यांच्या मध्ये बसवला, दोरीने बांधला. आक्का खालून बघत होत्या. मी हाक मारली, पण त्यांची पाठ माझ्याकडे होती आणि रस्त्यावर गाड्यांचा आवाज होता. त्या गाडीत चढल्या. खिडकीशी बसल्यावर त्यांना मी दिसलो. त्यांनी काहीतरी म्हटलं. काच बंद होती. मी ओठांकडे पाहिलं, आणि एवढ्या वर्षांच्या ओळखीत पहिल्यांदाच मला ते आवाजाशिवाय कळलं.

एकही काळा नाही, त्या म्हणत होत्या.